शिवणवर्गाचे दुसरे यशस्वी वर्ष

दिनानाथ कर्णिक एका जागी स्वस्थ बसलेला अंबरनाथमध्ये कोणी पाहिला असेल, तर त्याने जरूर सांगावे. त्याच्या घरची माणसेसुद्धा कौतुकाने ऐकायला येतील. जेवताना अर्धे ताट झाले की हा उठायचा, खिडकीशी जाऊन उगाच खाली डोकावायचा आणि परत येऊन आमटीत हात घालायचा. त्याची आई, माई, म्हणायची की पोटात असतानाही याने एक कूस धरली नाही. बायको उमा शाळेत मास्तरीण होती. वर्गभर पोरे ती नुसत्या नजरेने बसवायची, पण घरातला हा एक तिला बसवता आला नाही.

नोकरीही त्याला स्वभावाला साजेशीच मिळाली होती. एमआयडीसीत कापडाचे रंग बनवणारी एक मोठी कंपनी होती, तिथे तो वेल्फेअर ऑफिसर. एवढे कामगार असले की असा अधिकारी ठेवावाच लागतो, असा कायदा आहे. कंपनीने तो पाळला होता आणि वर काही देण्याचे टाळले होते. कॅन्टीनचा चहा पांचट झाला, गमबूट फाटले, कोणाची आई दवाखान्यात आहे, कोणाला रजा हवी आहे, सगळे दिनानाथकडे. आणि दिनानाथ प्रत्येकाला एकच उत्तर द्यायचा: "होईल." नाही म्हणणे त्याला जन्मात जमले नाही. 'होईल' म्हणून मोकळे होणारे साहेब पुष्कळ असतात. हा मोकळा व्हायचा नाही. एकदा म्हटले की ते होईपर्यंत याच्या पायाला भिंगरी, झोप उडालेली, आणि झाले नाही तर याचेच तोंड एवढेसे. म्हणून कामगार त्याच्यावर चिडत नसत. उलट त्यांना त्याची थोडी दयाच यायची.

कामगारांच्या बायकांसाठी शिवणवर्ग काढावा, असे त्याने वर कितीदा सुचवले होते. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये जीन्सचे कारखाने गल्लोगल्ली निघत होते, शिवणाऱ्या हातांना काम होते. वरून उत्तर यायचे की कल्पना चांगली आहे. चांगल्या कल्पनेचे पुढे काय करायचे, हे मात्र कोणी सांगायचे नाही.

आणि मग त्र्याण्णव साल उजाडले. शेअरचे वारे असे सुटले होते की पानवाला चुना लावता लावता कुठला इश्यू भरायचा ते सांगायचा. स्टेशनच्या जिन्यावर फॉर्मचे गठ्ठे घेऊन माणसे उभी असायची. कंपनीनेही ठरवले की आपणही शेअर काढून बाजारात उतरायचे. एक दिवस फायनान्स मॅनेजर सबनीससाहेबांनी दिनानाथला केबिनमध्ये बोलावले, बसायला सांगितले, आणि तो बसणार नाही हे माहीत असल्याने लगेच मुद्द्यावर आले.

वार्षिक अहवालात कामगारांबद्दल आजवर एकच वाक्य असायचे, की संबंध सलोख्याचे राहिले. संप झाला त्या वर्षीही तेच होते. पण आता मुंबईचे सल्लागार म्हणत होते की एवढ्यावर भागणार नाही. कंपनी समाजासाठी काय करते, यावर चार रंगांत अख्खे पान हवे.

"कर्णिक, लोक आता नुसता नफा बघत नाहीत, कंपनीचा चेहरा बघतात," सबनीस म्हणाले. "तो जर्मन गिऱ्हाईक पण विचारतोय, आजूबाजूच्या लोकांसाठी काय करता म्हणून. हे एक पान नीट लागलं ना, तर इश्यू भरतो, एक्स्पोर्टची ऑर्डर पक्की होते, बँकसुद्धा व्याजाचं नरमाईनं बोलते. तुमचा तो शिवणवर्ग काढा बाहेर."

दिनानाथला वाटले, आपल्या शिवणवर्गाचे नशीब उघडले. वर्गाला पैसे इश्यूनंतर मंजूर होणार होते, अहवाल मात्र आधी छापायचा होता. तेव्हा फोटो आधी, वर्ग मागाहून. "फोटोचं होईल ना?" सबनीसांनी विचारले. आणि दिनानाथ काय म्हणाला हे सांगायला नको.

तो त्याच पावली शेअर रिक्षा पकडून कॅम्प तीनला गेला. तिथे लछमनदास नावाचा एक सिंधी कारखानदार त्याच्या ओळखीचा होता. कामगारांचे गणवेश तोच शिवून द्यायचा, सगळे त्याला लच्छूशेठ म्हणायचे. फोटोसाठी मशीन हव्यात हे ऐकून लच्छूशेठने हातातली जीन्स खाली ठेवली. "फोटो के वास्ते? साई, घेऊन जा. पण शाम को वापस पाहिजे, माझा माल अटकेल." कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी टेम्पो भरून मशीन आल्या, कॅन्टीनची टेबले बाजूला सारली, आणि दिनानाथ कामगारांच्या चाळीत जाऊन त्यांच्या बायकांना बोलावून घेऊन आला.

त्या बायकांत वेणू होती. बॉयलरवर काम करणाऱ्या सुदाम शिरसाटची बायको. सातवीपर्यंत शिकलेली, सरळ बघणारी आणि सरळ बोलणारी. चाळीतल्या विहारात बुद्धजयंतीचा कार्यक्रम असला की पुढे होऊन सगळे पार पाडायची ती हीच. घडीची साडी नेसून ती आली, मशीनवर बसली, चाकावर हात ठेवला, सुईकडे वाकून बघितले आणि म्हणाली, "साहेब, मशीनला दोरा नाही."

"दोरा येईल," दिनानाथ म्हणाला.

फोटोग्राफर म्हणाला, बाई, मान खाली, मशीनकडे बघा. वेणूने बघितले. सगळ्याच बायकांनी बघितले. दिवाळीनंतर वर्ग सुरू होईल, असे दिनानाथने सगळ्यांना सांगितले, आणि हे लक्षात ठेवा, त्याच्या मनात कपट नव्हते. लच्छूशेठच्या मशीन टेम्पोत चढवताना तो खुशीत होता.

अहवाल निघाला, इश्यू आला आणि धो धो भरला. कामगारांना राखीव कोटा होता, तो तर त्यांनी घेतलाच, शिवाय जो तो बायकोच्या, आईच्या नावाने पब्लिकमधूनही, म्हणजे बाहेरच्या लोकांसाठीच्या शेअरांतूनही, फॉर्म भरू लागला. जेवढी नावे जास्त, तेवढा सोडतीत नंबर लागायचा संभव जास्त. त्या काळात अख्ख्या अंबरनाथची हीच रीत होती. सुदामने वेणूच्या नावाने भरला, शेजारच्या बनूबाईच्या नवऱ्याने बनूबाईच्या नावाने. दिनानाथ तरी कुठे मागे राहणार? त्याला बदलापूरजवळ सोनिवलीला फ्लॅट घ्यायचा होता. त्याने माईच्या आणि उमाच्या नावाने होते नव्हते ते सगळे त्यात घातले. शेअर बाजारात आला तो चढताच आला. सबनीसांनी सगळ्यांदेखत दिनानाथच्या पाठीवर थाप मारली आणि पर्सोनेल मॅनेजरची जागा रिकामी होणार आहे, असे कानात सांगितले.

वर्गाचे विचारले, तर ते म्हणाले, पैसा नव्या प्लँटमध्ये गुंतलाय, पुढच्या तिमाहीत बघू. दिवाळी गेली, होळी गेली. दिनानाथ केबिनच्या बाहेर येरझारा घालत राहिला आणि सबनीस काचेतून त्याला बघून फोन उचलत राहिले. चाळीकडे जाणारा रस्ता त्याने सोडला. लांबचा वळसा घेऊन तो स्टेशनला जाऊ लागला, म्हणजे आता चालणेही वाढले.

पुढच्या वर्षी अहवालाचे ते पान मुंबईच्या जाहिरात कंपनीने परस्पर तयार केले. छापायच्या आधी ते दिनानाथच्या सहीसाठी टेबलावर आले. फोटो तोच होता, फक्त जरा दुसरीकडून कापलेला. मधोमध वेणू, मान खाली. खाली इंग्रजीत मजकूर होता: शिवणवर्गाचे दुसरे यशस्वी वर्ष. दिनानाथ ते घेऊन तडक सबनीसांकडे गेला आणि त्याने विचारले की साहेब, पहिले वर्ष कधी झाले?

"मागच्या वर्षी वर्ग आहे असं छापलं ना आपण? मग यंदा दुसरं वर्ष नाही का?" सबनीस शांतपणे म्हणाले. "मग काय छापू, बंद पडला? लगेच बाजार म्हणेल, कंपनी खर्च कापतेय, आतून काहीतरी बिघडलंय. भाव खाली. कर्णिक, एकदा छापलं की मागे येता येत नाही."

एवढे बोलून ते असेही म्हणाले की हे गुळगुळीत पान छापायचा खर्च बघितला तर दोन वर्ग निघाले असते, पण वर्ग अंबरनाथला दिसतो आणि पान मुंबईला. हे ते गमतीने म्हणाले. दिनानाथ हसला नाही. पण त्याने सही केली. का केली? पर्सोनेल मॅनेजरची खुर्ची होती, सोनिवलीचा फ्लॅट होता, आणि समोरच्याला नाही म्हणायचे नसते ही जुनी खोड होती. तिन्हींतले कुठले कारण मोठे, ते त्यालाही सांगता आले नसते.

मात्र एक गोष्ट सबनीसांसारख्या हुशार माणसाच्याही ध्यानात आली नाही, आणि दिनानाथच्याही. अहवाल प्रत्येक शेअरहोल्डरच्या घरी पोस्टाने जातो. आणि आता शेअरहोल्डर कोण होते? चाळीतल्या बायका.

वेणूच्या नावाने आयुष्यात पहिल्यांदा टपाल आले. तिने ते फोडले आणि आत ती स्वतः होती. खालचे इंग्रजी सुदामने अडखळत लावून दाखवले. आता कोणी शहाणा म्हणेल, तिला लबाडी तिथेच कळली असेल. नाही कळली. एवढ्या महागड्या कागदावर एवढी मोठी कंपनी खोटे छापेल, हे तिच्या मनातच आले नाही. तिला वाटले, वर्ग चालू आहे. आपल्याला फोटोपुरते बसवले आणि आता साहेबलोकांच्या बायका शिकताहेत. आपल्या तोंडाला पाने पुसली.

इकडे बनूबाईलाही तेच पुस्तक आले. ती फोटोला नव्हती. तिला वाटले, वेणू आणि बाकीच्या दोन वर्षे गुपचूप शिकल्या, मशीन घेतल्या, कॅम्प तीनचे काम करतात आणि आपल्याला पत्ता लागू देत नाहीत. पुस्तकात फोटो असताना वेणू नाही म्हणते म्हणजे ती पक्की आतल्या गाठीची. चाळीत बोलणे सुरू झाले. नळावर वेणू आली की बायका गप्प व्हायच्या. विहारात जिच्याशिवाय पान हलत नसे, तिला न विचारताच वर्षावासाचा कार्यक्रम ठरला.

एके संध्याकाळी अंबरनाथ पूर्वेच्या भाजीबाजारात तिने दिनानाथला गाठले. हा लांबच्या वळशाने चालला होता, ती नेमकी त्याच वळशाच्या तोंडाशी उभी होती. तिने सगळे सांगितले. रडली नाही, आवाज चढवला नाही. शेवटी एवढेच म्हणाली, "साहेब, मला शिकायला मिळालं नाही, त्याचं राहू द्या. पण तो वर्ग भरतो कुठं, ते तरी सांगा. मी बनूबाईला तिथं नेऊन उभी करते, म्हणजे माझ्यावरचा आळ जाईल."

भरतच नाही, एवढे दोन शब्द होते. ते दिनानाथच्या ओठापर्यंत आले आणि तिथून भलतेच बाहेर पडले. तो म्हणाला, "बघतो. होईल."

त्या रात्रीपासून त्याचा नुसता भुगा झाला. घरात इकडून तिकडे, गॅलरीतून स्वयंपाकघरात. माई म्हणाली, याला कुलदेवीला नेऊन आणा. शेवटी उमाने दार लावून त्याला उभे केले आणि काय ते विचारले. त्याने सगळे सांगितले. खरे बोललो तर कंपनीचे नाव जाईल, शेअर कोसळेल, सुदामसारख्यांनी पोटाला चिमटा काढून घातलेले पैसे बुडतील, आणि आपला फ्लॅटही. गप्प राहिलो तर त्या बाईचे नाव जाईल. एका बाईचे नाव आणि एवढ्या घरांचा पैसा. उमाने ऐकून घेतले. ती म्हणाली, तुमचा हिशोब मला कळत नाही, पण तो आळ तिच्यावर ठेवला कोणी? एवढे बोलून ती वह्या तपासायला बसली.

वार्षिक सभा अंबरनाथच्याच एका मंगल कार्यालयात होती. वेफर्स, सामोसा आणि बर्फी असलेले पाकीट दारात मिळणार होते, त्यामुळे मुंबईहूनही नेहमीचे शेअरहोल्डर आले होते. चेअरमननी इंग्रजीत भाषण केले. सामाजिक बांधिलकीच्या पानाचा उल्लेख आला तेव्हा टाळ्याही पडल्या. मग कोणाला काही विचारायचे आहे का, असे विचारले गेले, आणि मधल्या रांगेतून वेणू उभी राहिली. निळी साडी, हातात ते पुस्तक. तिच्या पलीकडे दोन खुर्च्या सोडून बनूबाई बसली होती.

"माझे शेअर आहेत, म्हणून विचारते," ती म्हणाली. "या वर्गात कोण शिकलं, त्यांची नावं सांगा. फोटोत मी आहे, पण मी शिकलेली नाही."

चेअरमनना मराठी अर्धवट कळले. ते छान हसले आणि बाजूला हात करून म्हणाले, "हमारे कर्णिकसाहब बतायेंगे."

दिनानाथ भिंतीशी उभाच होता. सबनीसांनी त्याच्याकडे असे बघितले की त्यात सगळे आले: खुर्ची, फ्लॅट, बाजार. माइक त्याच्या हातात आला. सुदाम मागे उभा होता. सगळ्या चाळीचा पैसा त्या सभागृहात बसला होता. आणि आयुष्यभर इकडून तिकडे पळणारा हा माणूस त्या क्षणी जागचा हलला नाही.

"वर्ग झालाच नाही," तो म्हणाला. "मशीन उसन्या आणल्या होत्या, संध्याकाळी परत गेल्या. या बाई खरं बोलताहेत. त्यांना कोणी काही शिकवलं नाही आणि काही दिलंही नाही. छापलंय ते खोटं आहे आणि त्याच्यावर सही माझी आहे."

दिनानाथला वाटले, आता छप्पर कोसळणार. तेवढ्यात पुढच्या रांगेतला मुंबईचा एक म्हातारा शेअरहोल्डर उठला आणि म्हणाला की ते सगळे ठीक आहे, पण यंदा बोनस शेअर देणार की नाही? लगेच दुसरा उठला, तिसरा उठला. चेअरमन बोनसबद्दल बोलायला लागले. सभा पुढे सरकली, पाकिटे वाटली गेली, आणि दुसऱ्या दिवशी बोनसच्या बातमीने शेअर आणखी चढला.

हे दिनानाथला फार लागले. ज्या सत्याच्या भीतीने तो महिनोन्महिने तळमळला होता, त्याची बाजारात कवडीही किंमत नव्हती. खोटे पान छापले तर भाव चढतो आणि ते खोटे आहे म्हणून सांगितले तर काहीच होत नाही, हे त्याला मरेपर्यंत पचले नाही. सबनीस रागावलेसुद्धा नाहीत. ते म्हणाले, मी घाबरलो होतो, पण कोणी ऐकलंच नाही, इतिवृत्तातही घेतलं नाही. पर्सोनेल मॅनेजर मात्र दुसराच माणूस झाला.

पण कोणी ऐकलेच नाही, हे सबनीसांचे म्हणणे खरे नव्हते. बनूबाईने ऐकले होते. कार्यालयाच्या पायऱ्यांवर तिने आपल्या पाकिटातली बर्फी काढून वेणूच्या हातावर ठेवली. दिनानाथ खाली मान घालून बाजूने निघाला होता. वेणूने त्याला हाक मारली.

"साहेब, बोललात ते बरं झालं. आता तो दोरा तेवढा आणा."

माईच्या नावाचे शेअर त्याने त्याच आठवड्यात विकले. भाव चांगला आला. त्या भावात त्या खोट्या पानाचाही वाटा होता, हे तो कोणालाही आपणहून सांगायचा. लच्छूशेठकडून जुन्या मशीन घेतल्या. लच्छूशेठने कामावरून निवृत्त झालेला एक मास्तरही शिकवायला धाडला. वर्ग चाळीच्या विहारात भरू लागला. सोनिवलीचा फ्लॅट घ्यायचा राहिला तो राहिलाच. उमा त्यावर कधी बोलली नाही, माई रोज बोलायची.

पुढच्या वर्षी सबनीसांचा निरोप आला. जर्मन पाहुणा येणार होता, अहवालाला नवा फोटो हवा होता, आणि आता तर खराच वर्ग तयार होता. तो कंपनीचा नाही हे सबनीसांना माहीत होते, पण बायका कंपनीच्याच कामगारांच्या ना? दिनानाथच्या ओठावर 'होईल' आले होते. त्याने ते गिळले आणि म्हणाला की बाईंना विचारावे लागेल.

वेणू हसली आणि म्हणाली, येऊ द्या की. फोटोग्राफर आला, दिवे लावले, बायका मशीनवर बसल्या. तो बटण दाबणार तेवढ्यात वेणूने त्याला हाताने थांबवले, सुईतला दोरा ओढून काढला, रीळ उचलून ओटीत टाकले आणि मान खाली घातली. बनूबाईने तिच्याकडे बघितले आणि आपलाही दोरा काढला. मग एकेक करत सगळ्यांनीच.

"बाई, हे काय? मशीन चालू दिसायला पाहिजे," फोटोग्राफर म्हणाला.

"दिसेल की," वेणू म्हणाली. "मागं पण दिसली होती. तुमच्या पुस्तकाला दोरा लागत नाही."

तो फोटो पुढे छापला गेला, आणि खाली लिहिले होते: तिसरे यशस्वी वर्ष. वर्गाचे ते पहिलेच होते. पण त्या दिवशी फोटोग्राफर दिवे गुंडाळून गेला तेव्हा दिनानाथ दाराशी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभाच होता. वेणूने ओटीतले रीळ परत मशीनवर चढवले, दोऱ्याचे टोक ओठांत ओले करून सुई ओवली, आणि अर्धी राहिलेली बाही पुढे ओढली.